डोकी मोजून रोग कळत नाही

सरकारी रुग्णालयात एका खाटेवर दोन रुग्ण झोपवल्याचा फोटो छापून आला, की त्यावरच्या चर्चेत एक वाक्य ठरलेलं असतं: लोकसंख्याच इतकी वाढलीय, कोण काय करणार? डेंगीची साथ आली, गॅस्ट्रोने एखादी वस्ती आडवी झाली, क्षयाच्या गोळ्या संपल्या, तरी हेच वाक्य. ते बोलणारी माणसं दुष्ट नसतात. शिकलेली, कळवळ्याची असतात. रात्रंदिवस बाह्यरुग्ण विभागात राबून थकलेले डॉक्टरही त्यांत असतात. राज्यकर्त्यांना तर हे वाक्य फारच सोयीचं आहे. १५ ऑगस्ट २०१९ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून लोकसंख्येच्या विस्फोटाची चिंता व्यक्त केली आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात वेगाने वाढणाऱ्या लोकसंख्येचा विचार करायला उच्चाधिकार समिती नेमण्याची घोषणा झाली. हे वाक्य चुकीचं आहे, एवढंच माझं म्हणणं असतं तर मी ते सोडून दिलं असतं. पण त्याच्या आडोशाला राहून आपण माणसं मरू देतो, म्हणून त्याचा प्रतिवाद करायला हवा.

दावा तपासणं अवघड नाही. भारत आणि चीन, दोघांचीही लोकसंख्या १४० कोटींच्या वर. २०२३ मध्ये आपण चीनला मागे टाकलं, पण फरक फार नाही. माणसांच्या संख्येने रोग ठरत असता, तर या दोन देशांवर क्षयाचा भार साधारण सारखा असायला हवा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातल्या दर शंभर नव्या क्षयरुग्णांपैकी २६ भारतातले आहेत आणि चीनमधले ७ सुद्धा नाहीत. माणसं जवळपास तेवढीच, क्षय जवळजवळ चौपट. हा चौपटीचा फरक लोकसंख्येच्या कोणत्या आकड्यातून निघतो, ते लोकसंख्येला दोष देणाऱ्यांनी सांगावं.

तो निघतो ताटातून. आपल्याकडे क्षयाला सर्वांत मोठा हातभार कुपोषणाचा आहे, हे डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत पुराव्यानिशी दाखवलं. क्षयरुग्णाच्या घरातल्या माणसांना त्यांनी दरमहा माणशी ५ किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ दिली, सोबत जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या घरांत हे धान्य गेलं, तिथे नव्या क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. कुटुंबातली डोकी तेवढीच राहिली, घरही तेच राहिलं, फक्त डाळ-भात पोटभर मिळाला. एखादी नवी लस इतकी परिणामकारक ठरली असती तर आपण रस्त्यावर येऊन पेढे वाटले असते. डाळीचं मात्र कुणाला अप्रूप वाटलं नाही. क्षयरुग्णाला सरकार पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देत होतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. चांगलं झालं. पण ज्या घरात एकाला क्षय आहे त्या घरातल्या उरलेल्यांचं पोट हा आजही धोरणाचा कडेचा विषय आहे.

इथे एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. गर्दीत रोग पसरतोच की! जुलै २०२० मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत रक्ततपासणीचं सर्वेक्षण झालं, तेव्हा झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाची प्रतिपिंडं आढळली. त्याच वॉर्डांतल्या इमारतींमध्ये १६ टक्के. संसर्गाला दाटीवाटी मानवते, हे कोण नाकारेल? पण मग दाटीचा हिशेब नीट करू. धारावीतली दाटी ही भारताच्या लोकसंख्येची दाटी नव्हे. एका खोलीत आठ माणसं आणि एका सार्वजनिक संडासावर शेकडो माणसं, ही घरांच्या आणि जमिनीच्या धोरणाची दाटी आहे. त्याच वॉर्डात, चालत दहा मिनिटांवर, एका माणसाला एक अख्खी खोली मिळते. टोकियो आणि सिंगापूर ही काही विरळ वस्तीची शहरं नव्हेत. तिथेही माणूस माणसाला खेटून राहतो, पण नळाला पाणी असतं, संडास घरात असतो आणि आजारी पडला तर पगार चालू असतो.

हा फरक मुंबईने शंभर वर्षांपूर्वी फार क्रूरपणे पाहिला आहे. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला, सप्टेंबरात दुसरी लाट आली आणि रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, धान्य महागलं होतं, युद्धासाठी माल बाहेर जात होता. हिंदुस्थानात किती माणसं गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख झाली. आपल्या जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेलं हे एकच दशक. तेव्हा माणसं आजच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी होती. या देशातली सर्वांत भीषण साथ आली ती देश विरळ असताना.

आणि मुंबईत मेलं कोण? शहर एक, हवामान एक, विषाणू एक. युरोपियनांमध्ये मृत्यूचं प्रमाण हजारी ८ च्या आसपास, पारशांमध्ये ९, सवर्ण हिंदूंमध्ये १९ आणि ज्यांना खालच्या जातीचं म्हटलं जाई त्या हिंदूंमध्ये हजारी ६० च्या वर. या आकड्यांपाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. युरोपियन माणसाच्या वाट्याला आलेला मृत्यू आणि गिरणगावातल्या दलित कामगाराच्या वाट्याला आलेला मृत्यू यांत सातपटीहून जास्त अंतर होतं आणि ते मोकळी हवा, अन्न, अंथरूण आणि शुश्रूषा यांचं होतं. बायका पुरुषांहून जास्त गेल्या. त्या आजाऱ्यांची सेवा करत होत्या आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खात होत्या.

त्या साथीत आणखी एक गोष्ट घडली आणि लोकसंख्येचा खरा संबंध तिथून कळायला लागतो. इन्फ्लुएन्झा एरवी तान्ह्यांना आणि म्हाताऱ्यांना मारतो. १९१८ मध्ये वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसं पडली. म्हणजे लोकसंख्येच्या एकूण बेरजेतून काही समजत नाही. तिची वयांची उतरंड कशी आहे आणि आलेला रोग कोणत्या वयावर झडप घालतो, हे पाहावं लागतं. मलेरिया पाहा. २०२३ मध्ये त्याने जगात सुमारे ६ लाख बळी घेतले. त्यांतले ९५ टक्के आफ्रिकेतले आणि तिथल्या मृतांमध्ये चारांतली तीन मुलं पाच वर्षांखालची. एचआयव्हीने याच्या उलट केलं: मुलं आणि म्हातारे मागे ठेवून कर्ती पिढी नेली. बोत्सवानाची लोकसंख्या तेव्हा जेमतेम पंधरा-सतरा लाख होती, देश महाराष्ट्राहून मोठा आणि मोकळा, तरी तिथलं सरासरी आयुर्मान साठीवरून पन्नाशीच्या खाली कोसळलं. ते पुन्हा सावरलं, कारण सरकारने औषधं फुकट वाटली.

वयाचं महत्त्व कळलं, की काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात: आपला देश तरुण, आपल्याला भीती नाही. करोनाच्या पहिल्या लाटेनंतर हे किती आत्मविश्वासाने सांगितलं गेलं! त्यात अर्धं सत्य होतं. पंचावन्न वर्षांच्या माणसापेक्षा पंच्याहत्तरीच्या माणसाला करोनाने मरण्याचा धोका दहापटीहून जास्त होता. इटलीच्या बेर्गामोमध्ये मार्च २०२० मध्ये शवपेट्या लष्कराच्या ट्रकांतून न्याव्या लागल्या, त्यामागे तिथल्या म्हाताऱ्या लोकसंख्येचा मोठा वाटा होता. पण मग जपानचं काय? पासष्टीपुढची २९ टक्के माणसं असलेला तो जगातला सर्वांत वृद्ध मोठा देश. साडेबारा कोटींच्या जपानमध्ये २०२१ अखेर करोनाने सुमारे १८ हजार माणसं गेली. सव्वातीन कोटींच्या पेरूमध्ये तोवर दोन लाखांवर. पेरू आपल्यासारखा तरुण देश आहे. तिथे ऑक्सिजन नव्हता, अतिदक्षता विभागात खाटा नव्हत्या, बहुसंख्य लोक रोजंदारीवर जगत होते आणि निम्म्या घरांत फ्रीज नसल्याने टाळेबंदीतही रोज बाजारात जाणं भाग होतं. तरुण वय हे तिथल्या माणसांना वाचवायला पुरलं नाही.

आपल्यालाही पुरलं नाही. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत भारतात ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या सरकारची नोंद त्या काळापुरती पाच लाखांच्या आत आहे आणि त्याने हा अंदाज फेटाळला. आकड्यावर वाद जरूर घालावा. पण एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी सिलिंडरसाठी रांगा लावल्या, त्यांना तरुण देशाचं कौतुक सांगू नये.

आपलं तारुण्य किती पोकळ आहे, हे पुण्यातल्या एका कामाने फार आधी दाखवून दिलं होतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांच्या आहाराचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपलं बाळ हाडकुळं, तरी त्याच्या अंगावरची चरबी त्या मानाने घटलेली नव्हती; कमी पडले होते ते स्नायू. वरून रोड दिसणारं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकतं. म्हणूनच युरोपियन माणसाच्या मानाने आपल्याला मधुमेह दहाएक वर्षं आधी गाठतो आणि तोही फारसं वजन नसताना. आज देशात दहा कोटींवर मधुमेही आहेत. मधुमेह असला की क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. म्हणजे चाळिशीतला माणूस जन्मतारखेने तरुण असतो, पण त्याच्या शरीराला साठीतले रोग जडलेले असतात आणि त्यांची सुरुवात आईच्या अर्धपोटी गरोदरपणात झालेली असते. त्या आईला शेतावरून आल्यावर दूध, भाजी, अंडं मिळालं का, हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे. तिला मुलं किती, हा प्रश्न आपण आधी विचारतो.

इथे मला सर्वांत जास्त चीड येते. लोकसंख्येच्या धाकाने आपण बाईच्या शरीरावर जे केलं आहे, त्याचा हिशेब कधी मांडलाच गेला नाही. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, ८० लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक विधिमंडळात संमत करणारं राज्य आपलं महाराष्ट्र होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. तेव्हा पुरुषांना पकडून नेलं म्हणून सरकारं पडली. त्यानंतर सारा भार गुपचूप बायकांवर टाकला गेला. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात विवाहित बायकांपैकी जवळपास ३८ टक्क्यांची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीचं प्रमाण ०.३ टक्के. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ऐंशीवर बायकांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. किमान तेरा बायका मेल्या. त्या बायका निरोगी होत्या, तरुण होत्या, घरी लेकरं होती. लोकसंख्येमुळे रोगराई वाढते म्हणणाऱ्यांनी या तेरा जणींची नोंद कोणत्या रकान्यात करायची ते सांगावं.

आणि हे सगळं कशासाठी? मुलं कमी होण्याची वाट दुसरीच आहे आणि ती महाराष्ट्राने स्वतः चालून पाहिली आहे. पाच मुलांपैकी दोन जगतील याची खात्री नसते, तेव्हा आईबाप पाच होऊ देतात. बाळ जगतं हे डोळ्यांना दिसायला लागलं की पाळणा आपोआप लांबतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. १९९९ मध्ये हे जगापुढे आलं. बांगलादेश आपल्याहून कितीतरी दाट आहे. तिथे १९७० च्या सुमारास बाईला सरासरी सात मुलं होत, आता दोनच्या आसपास. सक्ती न करता, घरोघरी जाणाऱ्या आरोग्यसेविका, मुलींच्या शाळा आणि मीठ-साखरेचं पाणी यांच्या जोरावर हे झालं. त्याच मीठ-साखरेच्या पाण्याने डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले. मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. त्या छावणीतली गर्दी तसूभर कमी झाली नव्हती.

पैशांचा मुद्दा मला टाळायचा नाही. इतक्या माणसांना पुरणार कसं, असं विचारणारे गृहीत धरतात की माणूस फक्त खातो, कमवत नाही. राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये लिहून ठेवलं होतं, की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. २०२१-२२ मध्ये, करोनाच्या काळात, तो १.८४ टक्के होता. हे प्रमाण उत्पन्नातल्या वाट्याचं आहे. माणसं दहा असोत की दहा लाख, वाटा किती द्यायचा हे सरकार ठरवतं. थायलंड श्रीमंत नव्हता, तरी २००२ मध्ये त्याने सगळ्या नागरिकांना आरोग्यसेवेचं छत्र दिलं.

या सगळ्यात आपण एक मोठी गोष्ट नजरेआड केली आहे: ज्या विस्फोटाची भीती घालतात, तो संपला आहे. जगाने १५ नोव्हेंबर २०२२ रोजी ८०० कोटींचा टप्पा ओलांडला. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकात १,०३० कोटींच्या आसपास जाऊन ही संख्या उतरू लागेल. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात भारतात बाईमागे सरासरी मुलं दोन. महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. आकडा अजून वाढतोय, कारण कालची मुलं आज आईबाप झाली आहेत आणि आपण जास्त जगतो आहोत. आता काही नेते उलट हाक देऊ लागले आहेत, की तीन मुलं होऊ द्या. त्यांचंही लक्ष डोक्यांवरच आहे.

ज्यांना विरळ लोकसंख्या म्हणजे आरोग्य वाटतं, त्यांनी तळकोकणात यावं. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सिंधुदुर्गात चौरस किलोमीटरला १६३ माणसं, मुंबईच्या उपनगरांत २० हजारांवर. मोकळी हवा, नारळी-पोफळी, जंगल. आणि हृदयविकाराचा झटका आला, अपघात झाला, की गाडी बांबोळीच्या दिशेने सुटते, गोव्याच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे. २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढा क्षोभ उसळला होता! माणसं कमी आहेत म्हणूनच तिथे तज्ज्ञ डॉक्टर टिकत नाही, खाजगी दवाखान्याला ते परवडत नाही, एसटीची फेरी बंद होते. तरणी पोरं मुंबईत, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार. घरात उरतात सत्तरीतली म्हातारा-म्हातारी, एकाला रक्तदाब, दुसऱ्याला साखर. २०१६ पासून दोडामार्ग आणि बांद्याकडे माकडताप आला, तो काजूच्या बागांत आणि रानात जाणाऱ्यांना गोचिडीतून झाला. तापाने फणफणलेल्या माणसाला रुग्णालयापर्यंत न्यायला घरात कुणी तरणं नाही, ही त्या गावांची अडचण आहे. कोकणात आज जे आहे ते उद्या पश्चिम महाराष्ट्रात आणि विदर्भात येणार आहे. देशात साठीपुढची माणसं २०२२ मध्ये सुमारे १५ कोटी होती, २०५० पर्यंत ती ३५ कोटींच्या घरात जातील. फ्रान्सला पासष्टीपुढच्यांचा वाटा ७ वरून १४ टक्क्यांवर जायला ११५ वर्षं लागली. आपल्याला तीसेक वर्षं मिळतील आणि तीही फ्रान्सइतका पैसा गाठीशी नसताना.

या म्हातारपणाची तयारी कशी दिसते हे केरळात पाहता येतं. कोझिकोडमध्ये १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेशकुमार यांनी असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाचं काम सुरू केलं, २००८ मध्ये राज्याने त्याचं धोरण केलं, आणि आज तिथे पंचायतीची परिचारिका खाटेला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरी जाते. जखम धुते, गोळ्या पाहते, सुनेला मूत्रनळी सांभाळायला शिकवते.

२०२१ ची जनगणना टळली. आता संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे. एकूण आकडा आला की त्यावर पुन्हा गर्दीचं रडगाणं सुरू होईल. त्याआधी, आतापासून, आमदारांकडे आणि जिल्हा परिषदांकडे मागायचा आहे तो वयाचा तक्ता: प्रत्येक तालुक्यात सत्तरीपुढचे किती, त्यांतले एकटे राहणारे किती, पाच वर्षांखालची मुलं किती. आणि त्या तक्त्यावरून पुढच्याच अर्थसंकल्पात तालुक्याचा फिजिशियन, डायलिसिसची यंत्रं, गरोदर बाईचा आहार, क्षयरुग्णाच्या सगळ्या घराचं रेशन आणि घरी येणारी परिचारिका यांची तरतूद.